कडी आतून की बाहेरून?

आपल्या घरांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर प्रथम इंग्रजी शाळा येते. निळा किंवा करडा गणवेश, प्रवेशासाठी पालकांची धावपळ आणि दारात उभ्या असलेल्या शिस्तप्रिय सिस्टर. ‘मठ’ म्हटले की आणखी वेगळे चित्र उभे राहते. एखाद्या सत्पुरुषाची समाधी, टाळमृदंग, शांत ओसरी. मॉस्को शहरातील नोवोदेविची मठापुढे उभे राहिल्यावर ही दोन्ही चित्रे पुसली जातात. समोर दिसतो तो चक्क किल्ला. उंच पांढरी तटबंदी, तिच्यावर लाल मुकुट घातल्यासारखे बारा बुरूज, भिंतीत बंदुकांसाठी ठेवलेल्या फटी. आत मात्र प्रार्थनेसाठी जगाचा त्याग केलेल्या स्त्रिया. इतकी मजबूत भिंत कोणासाठी? बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी, की आतल्यांना बाहेर जाऊ न देण्यासाठी?

मी 2013 च्या शरद ऋतूत तेथे गेलो. स्पोर्तिव्हनाया या भुयारी रेल्वेस्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की मठाचा घंटामनोरा दिसू लागतो. बहात्तर मीटर उंचीचा हा मनोरा सहा टप्प्यांत चढत जातो. तटबंदीलगत एक तळे आहे. त्याच्या काठी मुलांना खेळवणाऱ्या आज्या होत्या, शाळा चुकवून आलेली दोन-चार पोरे होती, आणि पाण्यात सोनेरी घुमटांचे हलते प्रतिबिंब होते. मी कॅथलिक धर्मगुरू, मठ ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचा. 1054 पासून आपण एकमेकांपासून दुरावलेले. तरी दारावरील मरियामातेच्या चित्राकडे पाहून मी क्रुसाची खूण केली, तेव्हा परक्या घरी आल्यासारखे वाटले नाही. ते डावीकडून उजवीकडे न जाता उजवीकडून डावीकडे क्रूस काढतात, एवढाच काय तो फरक शेजारच्या वृद्धेच्या ध्यानात आला असावा. ती हसली आणि तिने मला पुढे जाण्यास वाट करून दिली.

वाट हाच या मठाचा मूळ शब्द आहे. मठ अर्पण केला आहे तो स्मोलेन्स्कच्या मरियामातेला. त्या प्रतिमेला ग्रीक परंपरेत ‘होदेगेत्रिया’, म्हणजे ‘वाट दाखवणारी’ असे नाव आहे. माता एका हातावर बाळ येशूला धरते आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडे निर्देश करते; माझ्याकडे पाहू नका, याच्याकडे पाहा, असे जणू सांगते. ही प्रतिमा काही काळ मॉस्कोत होती. 1456 साली ती स्मोलेन्स्कला परत पाठविण्यात आली, तेव्हा मॉस्कोच्या लोकांनी ज्या माळावर तिला निरोप दिला त्याच परिसरात पुढे हा मठ उभा राहिला.

येथे मला आपल्या कोकण किनाऱ्यावरील एका पाहुण्याची आठवण झाली. त्वेर नगरीचा अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात समुद्रमार्गे चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडला, बीदरपर्यंत गेला. आपण केलेल्या प्रवासाची नोंद त्याने ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात ठेवली. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच, त्याला मृत्यू आला. आपल्या सणांच्या तिथी चुकत आहेत, उपवासाचे दिवस कळेनासे झाले आहेत, या विचाराने परमुलखात व्याकूळ झालेला हा भाविक वाट दाखवणाऱ्या मातेच्या नगरीच्या अलीकडेच थांबला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. अलिबागच्या बाजूला जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

मठाची स्थापना 1524 सालची. मॉस्कोचा अधिपती तिसरा वसीली याने 1514 मध्ये स्मोलेन्स्क शहर लिथुआनियाकडून जिंकून घेतले आणि नवस फेडण्यासाठी हा मठ बांधला. म्हणजे पाया प्रार्थनेचा, पण निमित्त युद्धविजयाचे. इतिहास येथेच कडवट होतो. मठ स्थापन झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, 1525 मध्ये, याच वसीलीने आपली राणी सोलोमोनिया हिला मूल होत नाही म्हणून टाकले. मॉस्कोतील दुसऱ्या एका मठात तिचे केशवपन करण्यात आले आणि पुढे तिला सुझदाल येथे धाडण्यात आले. राजा दुसरे लग्न करण्यास मोकळा झाला. ‘केशवपन’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला टोचल्यावाचून राहत नाही. नकोशी झालेली स्त्री घराबाहेर काढायची, आणि वर तिच्या वनवासाला धर्माचे वस्त्र चढवायचे, ही युक्ती कोणत्याही एका देशाची मिरास नाही.

नोवोदेविची मठाच्या वाट्यालाही अशा स्त्रिया आल्या. पहिली इरीना. 1598 च्या जानेवारीत झार फ्योदोर निपुत्रिक वारला. त्याची विधवा इरीना या मठात आली आणि तिने अलेक्सांद्रा हे नाव धारण केले. तिचा भाऊ बोरिस गोदुनोव हाही तिच्यापाठोपाठ येथेच येऊन राहिला. फेब्रुवारीत मॉस्कोचे लोक धर्माध्यक्षांसह मिरवणुकीने मठाच्या दारी आले आणि त्यांनी बोरिसला राजमुकुट स्वीकारण्याची गळ घातली. बहीण राज्य सोडून ज्या दाराने आत गेली, त्याच दारातून भाऊ राज्य घेऊन बाहेर पडला. मुसोर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या संगीतनाटकाचा पडदा याच मठाच्या प्रांगणात उघडतो.

दुसरी सोफिया. ही राजकन्या 1682 ते 1689 अशी सात वर्षे आपल्या लहान भावांच्या वतीने रशियाचा कारभार पाहत होती. स्त्रियांनी पडद्याआड राहण्याच्या त्या काळात तिने राज्य चालविले. मठावर तिचे विशेष प्रेम. प्रवेशद्वारांवरील लालपांढरी चर्चे, भोजनगृह, बुरुजांवरील मुकुट ही सारी शोभा मुख्यतः तिच्या काळातली. 1689 साली तिचा सावत्र भाऊ पीटर याने सत्ता हाती घेतली आणि सोफियाला याच मठात ठेवले. जे घर तिने देवासाठी सजविले, तेच तिचे बंदीगृह झाले. 1698 मध्ये स्त्रेल्त्सी म्हणजे बंदूकधारी पलटणींनी बंड केले. ते चिरडल्यावर पीटरने कित्येक बंडखोरांना मठाजवळ फाशी दिले; काहींची प्रेते तिच्या खिडकीसमोर टांगून ठेवण्यात आली. त्यानंतर तिचे केशवपन झाले आणि ती सुसाना नावाची मठवासिनी झाली. 1704 मध्ये तिने येथेच देह ठेवला. चित्रकार रेपिन याने 1879 साली या प्रसंगावर काढलेले चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. हातांची घडी घातलेली सोफिया, जळते डोळे, आणि गजांबाहेर एक अंधूक लोंबकळती आकृती. त्या चित्रापुढे मी फार वेळ उभा राहू शकलो नाही.

तिसरी येवदोकिया, खुद्द पीटरची पहिली राणी. तिलाही त्याने 1698 मध्येच सुझदालच्या मठात टाकले होते. पीटरच्या मृत्यूनंतर, 1727 साली, ती नोवोदेविचीत आली आणि 1731 मध्ये येथेच मरण पावली. आज सोफिया आणि येवदोकिया दोघीही मठाच्या मुख्य मंदिरात चिरविश्रांती घेत आहेत. एकीला भावाने कोंडले, दुसरीला पतीने, कोंडणारा एकच.

हा इतिहास मी येथे सविस्तर सांगितला त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक पती-पत्नी संध्याकाळी मला भेटायला आली. त्यांची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिने धर्मभगिनी होण्याची इच्छा बोलून दाखविली होती. आई गप्प होती. वडील बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, “फादर, रागावू नका, पण एकुलती एक मुलगी आहे. कॉन्व्हेंटात घालायची म्हणजे जिवंतपणी कोंडायचीच ना?”

मी रागावलो नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि इतिहासाने त्याला पुष्कळ आधार दिलेला आहे. युरोपातील आमच्या कॅथलिक मठांतही हुंडा वाचविण्यासाठी धाडलेल्या मुली होत्याच. म्हणूनच सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेला असा दंडक घालावा लागला की, व्रत घेण्यापूर्वी धर्माध्यक्षाने त्या मुलीची स्वतंत्रपणे चौकशी करून तिची इच्छा जाणून घ्यावी आणि तिच्यावर बळजबरी करणारा बहिष्कृत समजला जावा. जेथे रोग होता तेथेच औषधाचा कायदा करावा लागला. तेव्हा त्या बापाला नुसता उपदेश करून भागणार नव्हते. मी त्यांना सोफियाची गोष्ट सांगितली आणि मग त्याच भिंतींची दुसरी गोष्ट सांगितली. तीच आता वाचकांपुढे ठेवतो.

1724 मध्ये याच मठात टाकून दिलेल्या अनाथ मुलींसाठी आश्रयगृह सुरू झाले. 1812 साली नेपोलियनचे सैन्य मॉस्कोत शिरले. शहर जळाले. मठाजवळच्या ‘देविच्ये पोल्ये’ या माळावर कैद्यांना गोळ्या घालण्याचा प्रसंग तॉलस्तॉयने ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीत रंगविला आहे. पुढे तो स्वतः येथून जवळच, हामोव्हनिकीतील घरात, 1882 पासून हिवाळ्याचे दिवस काढीत असे. माघार घेताना फ्रेंचांनी मठात सुरुंगाची दारू पेरली आणि वाती पेटवून ते निघून गेले. मठाची परंपरा सांगते की, सारा नावाची खजिनदार मठवासिनी व तिच्या सोबतिणी धावल्या आणि त्यांनी त्या वाती विझविल्या. दरवाजा त्या वेळी उघडा होता. शत्रू निघून गेला होता आणि पळून जायला कोणाची आडकाठी नव्हती. त्या राहिल्या. कोंडलेली स्त्री आपल्या तुरुंगाची वात विझवीत नाही.

शंभर वर्षांनी दुसरी आग आली. राज्यक्रांतीनंतर 1922 मध्ये मठ बंद करण्यात आला. तेथे वस्तुसंग्रहालय झाले आणि काही काळ त्याचा विषय ‘स्त्रीमुक्ती’ हा होता. मठवासिनींना हुसकून त्यांच्याच घरात स्त्रियांच्या मुक्तीचे प्रदर्शन! 1934 साली ते राज्य ऐतिहासिक संग्रहालयाची शाखा बनले. मग महायुद्ध पेटले आणि सत्ताधाऱ्यांना जनतेच्या श्रद्धेची गरज भासू लागली. 1944 मध्ये मठाच्या आवारात धर्मशास्त्राचे विद्यालय सुरू झाले. तेच पुढे मॉस्कोची धर्मशास्त्र अकादमी म्हणून सेर्गियेव पोसादच्या प्रसिद्ध मठात गेले. सेमिनरीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गहिवर येतो. पुस्तके नाहीत, अन्न तुटपुंजे, शिक्षक तुरुंगातून सुटलेले. तरी विद्यार्थी आले. 1945 पासून भोजनगृहालगतच्या स्वर्गोन्नयनाच्या चर्चमध्ये पुन्हा उपासना होऊ लागली. धर्मभगिनी मात्र अद्याप नव्हत्या. त्यांच्यासाठी आणखी अर्धशतक थांबावे लागले.

त्यांची कथा समजण्यासाठी मठातून नदीकाठाने शहराच्या मध्याकडे यावे लागते. तेथे ख्रिस्त तारणाऱ्याचे भव्य कॅथेड्रल आहे. त्या जागी पूर्वी अलेक्सेयेव्स्की नावाचा स्त्रियांचा मठ होता. नेपोलियनवरील विजयाचे स्मारक उभारायचे म्हणून झारने तो मठ तेथून हलविला. जाताना मठमातेने, या जागी काही टिकणार नाही, असा शाप दिला, अशी आख्यायिका मॉस्कोत सांगतात. 1883 मध्ये अभिषेक झालेले ते कॅथेड्रल 5 डिसेंबर 1931 रोजी सुरुंग लावून उडविण्यात आले. त्या जागी लेनिनचा प्रचंड पुतळा माथ्यावर मिरविणारा ‘सोव्हिएत प्रासाद’ उभा राहायचा होता. पाया खणला गेला, युद्ध आले, प्रासाद कागदावरच राहिला. 1960 साली त्या खड्ड्यात सार्वजनिक पोहण्याचा तलाव झाला. 1994 नंतर तलाव बुजवून कॅथेड्रल पुन्हा बांधले आणि 2000 साली त्याचा अभिषेक झाला. आख्यायिका खरी मानण्याची गरज नाही. पण विजयस्तंभासाठी प्रार्थनेचे घर हलविणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

या अवाढव्य घडामोडींपासून हाकेच्या अंतरावर, एका गल्लीत, एलिया संदेष्ट्याचे लहानसे चर्च आहे. सोव्हिएत काळातही ते बंद पडले नाही. तेथे मेणबत्त्यांच्या टेबलापाशी एक निवृत्त बाई सेवा करीत असत. त्यांचे नाव वार्वारा चोर्नाया. 1914 मध्ये जन्मलेल्या या बाई रसायनक्षेत्रातील नामांकित शास्त्रज्ञ, रबर व लॅटेक्सवरील संशोधन संस्थेच्या उपसंचालक; अंतराळवीरांच्या पोशाखासाठी लागणाऱ्या साहित्याच्या संशोधनातही त्यांचा वाटा होता. त्यांचे आजोबा, महाधर्मगुरू सेराफिम चिचागोव, यांना वयाच्या ऐंशीच्या घरात, आजारी अवस्थेत पकडून नेले आणि 1937 च्या डिसेंबरात मॉस्कोबाहेर बुतोवो येथे गोळी घालण्यात आली. नात नास्तिक राज्याच्या प्रयोगशाळेत काम करीत राहिली आणि आजोबांचा विश्वास तिने मनात जपला. 1994 मध्ये नोवोदेविची मठ पुन्हा स्त्रियांचा मठ झाला, तेव्हा त्याची पहिली मठमाता म्हणून याच बाईंची निवड झाली. वय वर्षे ऐंशी! त्यांनी आजोबांचे नाव धारण केले. त्या मदर सेराफिमा झाल्या. 1997 मध्ये रशियन ख्रिस्तसभेने आजोबांना संतपद दिले, ते त्यांना डोळ्यांनी पाहता आले. 1999 च्या डिसेंबरात त्या देवाघरी गेल्या. ज्या दारातून सोफियाला ढकलण्यात आले, त्याच दारातून ही स्त्री आपल्या पायांनी आत गेली. भिंत तीच, बुरूज तेच.

आपल्या वाचकांनी ज्या नावाचे स्मरण ठेवावे असे आणखी एक नाव याच परिसरात आहे. आन्ना आब्रिकोसोवा ही मिठाईच्या प्रसिद्ध कारखानदार घराण्यातील सुशिक्षित मुलगी कॅथलिक झाली. पती व्लादीमिर पौर्वात्य विधीचे कॅथलिक धर्मगुरू झाले आणि तिने मॉस्कोतील आपल्या राहत्या घरातच डोमिनिकन भगिनींचा संघ स्थापन केला. मदर कॅथरीन हे नाव घेतले. तिच्या मठाला ना तट होता ना बुरूज. 1922 मध्ये पतीला हद्दपार केले गेले. तिलाही देश सोडता आला असता. भगिनींना सोडून ती गेली नाही. 1923 मध्ये तिला अटक झाली. पुढची बहुतेक वर्षे तुरुंगात, त्यांतील बरीच एकांतवासात, गेली आणि 1936 मध्ये बुतिर्का तुरुंगाच्या रुग्णालयात कर्करोगाने तिचे निधन झाले. तिच्या भगिनी छावण्या-छावण्यांत विखुरल्या, तरी त्यांनी व्रत मोडले नाही. सोफियाच्या बाबतीत मठाचा तुरुंग झाला. मदर कॅथरीनने तुरुंगाचा मठ केला.

नोवोदेविचीच्या दक्षिण भिंतीला लागून प्रसिद्ध दफनभूमी आहे. चेखव येथे आहे, शोस्ताकोविच येथे आहे. गोगोलचे अवशेष 1931 मध्ये दुसऱ्या एका मठातून येथे आणले गेले. त्याच्या मूळ थडग्यावरचा खडबडीत दगड पुढे लेखक बुल्गाकोवच्या डोक्याशी आला. ख्रुश्चेव याला 1971 मध्ये येथे पुरले. त्याच्या कारकिर्दीत हजारो चर्चे बंद पडली. आज मठाच्या घंटा त्याच्या थडग्यावरून निनादतात. स्मारक घडविले ते एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी या शिल्पकाराने, ज्याच्या कलेची ख्रुश्चेवने 1962 मध्ये चारचौघांत निर्भर्त्सना केली होती. अर्धा दगड पांढरा, अर्धा काळा. माणसाचा न्याय याहून नेमका कसा करावा? गोर्बाचोव आणि त्यांची पत्नी राईसा शेजारी शेजारी विसावली आहेत. तळ्याच्या काठी ब्राँझची एक बदकी आणि तिची आठ पिल्ले आहेत. अमेरिकेच्या बार्बरा बुश यांनी 1991 साली राईसाबाईंना दिलेली ही भेट. मुले त्या पिल्लांच्या पाठीवर बसतात. दोन महासत्तांच्या वैरातून उरलेली ही सर्वांत गोड वस्तू असावी.

ही मैत्री टिकली नाही. विजयाच्या नवसातून उभ्या राहिलेल्या या मठाच्या देशाने 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण केले आणि तेथील ख्रिस्तसभेच्या प्रमुखांनी त्या युद्धाला पाठिंबा दिला. वेदी सिंहासनाला टेकून उभी राहिली की तिचे काय होते, हे नोवोदेविचीच्या भिंती पाचशे वर्षे सांगत आल्या आहेत. कोणाही ख्रिस्ती समाजाने हे दुसऱ्याचे म्हणून ऐकू नये.

मी गेलो त्या संध्याकाळी स्वर्गोन्नयनाच्या चर्चमध्ये सांजप्रार्थना चालू होती. काळ्या वस्त्रांतील भगिनी वाद्याविना गात होत्या. बाके नव्हती, सारे उभे. डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या स्त्रिया मेणबत्तीचे ठिबकलेले मेण खरवडून काढीत होत्या. मला वाटते, सत्तर वर्षांच्या नास्तिक राजवटीत श्रद्धा सांभाळली ती या आज्यांनी. त्यांना बुरूज लागले नाहीत. 15 मार्च 2015 रोजी दुरुस्ती चालू असलेल्या घंटामनोऱ्याच्या बांबूपरातींना नव्हे, पण पोलादी पराती व आच्छादनाला आग लागून तिचे लोळ रात्री शहराला दिसले, तेव्हा मला त्या आज्यांची काळजी वाटली. मनोरा वाचला. 2024 मध्ये मठाला पाचशे वर्षे पूर्ण झाली.

त्या आई-वडिलांना मी शेवटी एवढेच म्हणालो, “कोंडणे आणि आत राहणे यांत फरक कडीचा आहे. कडी बाहेरून लावलेली असेल तर मी स्वतः येऊन ती काढीन. पण ती मुलगीच आतून लावीत असेल, तर तुम्ही आणि मी दार ठोठावून तिला विचारू शकतो. तोडू शकत नाही.” वडिलांनी तिला पदवी पूर्ण करायला सांगितले, आणि त्यानंतरही तिची इच्छा कायम राहिली तर आपण आड येणार नाही, असा शब्द दिला. त्यांनी तो पाळला. प्रथम व्रतबंधाच्या मिस्साला मुलीच्या शेजारून वेदीपर्यंत चालत आले ते तेच.

हे फक्त मठापुरते नाही. लग्न, नोकरी, धर्मगुरुपण, घरातील म्हाताऱ्यांची सेवा, प्रत्येक बांधिलकीला भिंती असतात. आपल्या मुलांना आपण भिंती दाखवितो. कडी त्यांच्या हाती देतो का, हे प्रत्येक आई-बापाने एकदा स्वतःला विचारावे. वाट दाखवणारी माता बाळाकडे केवळ निर्देश करते. ती कोणाचा हात धरून ओढीत नाही.